झेपेल का हे पुस्तक?

मित्रहो, इंजिनीअरिंगला आल्यापासून आपल्या दृष्टीने पुस्तक म्हणजे एक तर टेक्स्टबुक, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स काढलेल्या नोट्स! मग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये 'लहान मुलांची पुस्तकं' हा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, नात्यात किंवा शेजारी एखादं दहा-बारा वर्षांचं मूल असतंच. 'तू कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस ना, मग हिला वाचायला काहीतरी चांगलं सुचव' हे वाक्य मी तरी वर्षातून चार वेळा ऐकते. अशा वेळी आपण काय करतो? दुकानात जातो, कव्हरवर सोनेरी शिक्का असलेलं पुस्तक उचलतो आणि मोकळे होतो. बक्षीस मिळालंय म्हणजे चांगलंच असणार!

तो शिक्का नेमका कशाचा असतो, तो देतं कोण, आणि असं पुस्तक मुलाला जड गेलं तर काय समजायचं, याचा थोडा अभ्यास या लेखात केला आहे. उदाहरणं बहुतेक अमेरिका आणि इंग्लंडमधली आहेत, कारण मुलांच्या पुस्तकांची जुनी आणि मानाची बक्षिसं तिथली, आणि त्यांच्यावरचे वादही तिथेच जास्त गाजले. पण शेवटी आपण आपल्या घरात येणारच आहोत.

बक्षीस देतं कोण?

जॉन न्यूबेरी हा अठराव्या शतकातला लंडनचा पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक. मुलांनी नुसतं शिकण्यासाठी नाही, तर मजेसाठीही वाचावं, अशी पुस्तकं त्याने १७४४ पासून काढली. त्याचं नाव मात्र उचललं अमेरिकेने. १९२१ साली फ्रेडरिक मेल्चर यांनी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनपुढे मुलांच्या पुस्तकासाठी दरवर्षी एक पदक देण्याची कल्पना मांडली आणि १९२२ साली पहिलं न्यूबेरी पदक दिलं गेलं. गंमत म्हणजे ते गोष्टीच्या पुस्तकाला मिळालंच नाही. ते मिळालं हेंड्रिक व्हॅन लून यांच्या 'द स्टोरी ऑफ मॅनकाइंड'ला, म्हणजे मानवजातीच्या इतिहासाला! इंग्लंडमध्ये कार्नेगी पदक १९३६ साली सुरू झालं आणि पहिलं पदक आर्थर रॅन्सम यांच्या 'पिजन पोस्ट'ला मिळालं. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्या मानाने फारच उशिरा, २०१० साली सुरू झाला. मराठीतला पहिला मान डॉ. अनिल अवचट यांच्या 'सृष्टीत... गोष्टीत' या पुस्तकाचा.

आता न्यूबेरीचे नियम बघा. 'मुलं' म्हणजे चौदा वर्षांपर्यंतची, चौदावं धरून. पुस्तक बोधपर आहे म्हणून किंवा लोकप्रिय आहे म्हणून पदक द्यायचं नाही, असं नियमातच सांगितलेलं आहे. बघायचं ते विषयाची मांडणी, कथानक, पात्रं, वातावरण, भाषाशैली. निवड करते पंधरा जणांची समिती, आणि त्यात मुख्यतः मुलांच्या विभागात काम करणारे ग्रंथपाल असतात. मुलांना मत नाही! कार्नेगीमध्येही निर्णय ग्रंथपालांचाच असतो. तिथे शाळाशाळांतले वाचनगट अंतिम यादीतली पुस्तकं वाचतात, चर्चा करतात, स्वतःची आवडही कळवतात. पण पदक कोणाला द्यायचं ते मोठेच ठरवतात.

यात फसवणूक काहीच नाही. फक्त शिक्का काय सांगतो ते आपण नीट वाचलं पाहिजे. हेल्मेटवर आयएसआय मार्क असतो. त्याचा अर्थ हेल्मेट मजबूत आहे. ते तुमच्या डोक्याच्या मापाचं आहे की नाही, हे तो मार्क सांगत नाही. ते घालूनच बघावं लागतं. पुस्तकाचंही तसंच आहे. 'त्या वर्षीचं उत्तम रचलेलं पुस्तक' एवढंच शिक्का सांगतो. 'तुमच्या मामेबहिणीला याच सुट्टीत वाचायला योग्य' असं तो कधीच म्हणत नाही.

तक्रार जुनीच आहे

'समितीला आवडतं ते मुलांना आवडत नाही' ही तक्रार पदकाइतकीच जुनी असावी. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९५३ सालचं. ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब' आदल्या वर्षी आलं होतं. कोळीण आणि डुकराचं पिल्लू यांच्या मैत्रीची ही गोष्ट आज जगभर वाचली जाते. पण पदक मिळालं अ‍ॅन नोलन क्लार्क यांच्या 'सीक्रेट ऑफ द अँडीज'ला, आणि 'शार्लट्स वेब'ला मिळाला ऑनर, म्हणजे उपविजेत्याचा मान. आज त्या विजेत्या पुस्तकाचं नाव या वादामुळेच जास्त लोकांना माहीत आहे!

२००८ साली अनिता सिल्व्ही या बालसाहित्याच्या अभ्यासक लेखिकेने 'स्कूल लायब्ररी जर्नल'मध्ये सरळच विचारलं, की न्यूबेरीची वाट चुकली आहे का? अलीकडची विजेती पुस्तकं सर्वसाधारण मुलाला अवघड जातात आणि कपाटात पडून राहतात, असा सूर त्या लेखात होता. त्यावर बरीच चर्चा झाली. आणि लगेच २००९ साली पदक कोणाला मिळालं? नील गेमन यांच्या 'द ग्रेव्हयार्ड बुक'ला. हे पुस्तक तर आधीच भरपूर खपत होतं. पुढे २०१० साली त्यालाच कार्नेगीही मिळालं. न्यूबेरी आणि कार्नेगी दोन्ही मिळवणारं ते पहिलं पुस्तक. म्हणजे मुलांना सोपं आणि गोड ते आवडतं असं म्हणावं, तर या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात एका अख्ख्या कुटुंबाचा खून होतो!

कधीकधी वाद एका शब्दावरूनही होतो. २००७ साली सुझन पॅट्रन यांच्या 'द हायर पॉवर ऑफ लकी'ला न्यूबेरी मिळालं. त्याच्या पहिल्याच पानावर एका कुत्र्याला साप चावतो, आणि कुठे चावतो ते लेखिकेने शरीरशास्त्रातला शब्द वापरून स्पष्ट सांगितलं आहे. तेवढ्यावरून काही शाळांच्या ग्रंथपालांनी ते पुस्तक मागवायला नकार दिला. आठवी-नववीच्या बायॉलॉजीच्या पुस्तकात जो शब्द चालतो, तो गोष्टीत चालत नाही!

पण सगळेच वाद इतके हलकेफुलके नसतात. लोइस लोरी यांच्या 'द गिव्हर'ला १९९४ साली न्यूबेरी मिळालं. त्यात एक असा समाज आहे जिथे दुःख नाही, भांडण नाही, रंगसुद्धा नाहीत. आणि नको असलेल्या माणसांना गुपचूप मारून टाकतात. हे सगळं कळतं ते जोनस या बारा वर्षांच्या मुलाला. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ज्या पुस्तकांवर सर्वात जास्त आक्षेप घेतले गेले, त्या यादीत हे पुस्तक आहे. इंग्लंडमध्ये मेल्विन बर्जेस यांच्या 'जंक'ला १९९६ चं कार्नेगी मिळालं. त्यात घरातून पळालेली दोन किशोरवयीन मुलं हेरॉइनच्या व्यसनात अडकतात. २०१४ साली केव्हिन ब्रूक्स यांच्या 'द बंकर डायरी'ला कार्नेगी मिळालं तेव्हा तर मोठाच गदारोळ झाला. सोळा वर्षांच्या एका मुलाला पळवून जमिनीखालच्या बंकरमध्ये कोंडलं जातं, मग एकेक करून आणखी माणसं येतात, आणि सुटका होतच नाही. इतकं निराश पुस्तक मुलांना द्यायचं का, असं काही समीक्षकांनी विचारलं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी खोटी आशा दाखवून मुलांना जपायची गरज नाही, असं ब्रूक्स यांचं म्हणणं होतं.

दोन्ही बाजू ऐकल्या की आपण गोंधळून जातो, कारण दोन्ही थोड्याथोड्या पटतात.

'कठीण' म्हणजे नेमकं काय?

माझ्या मते गोंधळाचं कारण असं, की आपण 'कठीण' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

एक म्हणजे भाषा कठीण. हे मला फार चांगलं माहीत आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. इंग्रजी पुस्तकं मी भराभर वाचायचे, पण नववीच्या सुट्टीत 'श्यामची आई' हातात घेतलं तेव्हा खोत, सोवळं असे शब्द आजीला विचारत विचारत पुढे सरकावं लागलं. मराठी शाळेतली माझ्याहून लहान मुलं ते पुस्तक सहज वाचत होती. म्हणजे तेच पुस्तक एकाला सोपं, दुसऱ्याला कठीण! भाषेची अडचण मात्र सगळ्यात बरी. शेजारी आजी असली की ती सुटते.

दुसरी म्हणजे रचना कठीण. मॅडलिन लेंगल यांच्या 'अ रिंकल इन टाइम'चं उदाहरण घ्या. १९६२ साली छापलं जाण्याआधी ते दोन डझनांहून जास्त प्रकाशकांनी परत पाठवलं होतं. मुलांच्या गोष्टीत अवकाश-काळाला घडी घालून प्रवास, पाचवी मिती, 'टेसरॅक्ट', आणि त्यात नायिका मेग ही गणितात हुशार पण शाळेत सगळ्यांशी भांडणारी मुलगी... हे मुलांना कळणार कसं? १९६३ साली त्याच पुस्तकाला न्यूबेरी मिळालं आणि मुलांनी ते उचलून धरलं. पाचवी मिती आपल्याला तरी कुठे कळते? पण मेगला तिचे हरवलेले वडील शोधायचे आहेत, हे दहा वर्षांच्या मुलालाही पहिल्या काही पानांत कळतं. तो धागा पक्का असला की बाकीचं थोडं डोक्यावरून गेलं तरी मूल वाचत राहतं. २०१० साली न्यूबेरी मिळालेल्या रिबेका स्टेड यांच्या 'व्हेन यू रीच मी'ची नायिका तर हेच पुस्तक सतत जवळ बाळगते, आणि त्या कादंबरीतली काळाची गुंतागुंतही काही कमी नाही!

तिसरी म्हणजे विषय कठीण. मृत्यू, हिंसा, व्यसन, घरातली गरिबी. मोठ्यांना खरी भीती वाटते ती याची. आणि इथे मात्र शब्दकोशाचा किंवा हुशारीचा काही उपयोग नसतो.

भार किती, यापेक्षा कसा?

सेकंड इयरला 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'मध्ये आपण एक गोष्ट शिकतो. एखाद्या सळईवर तोच भार हळूहळू वाढवत लावला आणि तोच एकदम लावला, तर एकदम लावलेल्या भाराने निर्माण होणारा ताण दुप्पट असतो. उंचीवरून टाकला तर त्याहूनही जास्त. भार तेवढाच, सळई तीच. फरक फक्त लावण्याच्या पद्धतीत! मूल म्हणजे काही सळई नव्हे, हे कबूल. पण कठीण विषयाच्या पुस्तकांकडे बघताना हा नियम मला फार उपयोगी वाटतो. विषय किती जड आहे एवढंच विचारून भागत नाही. तो वाचणाऱ्यावर कसा येतो आणि खाली आधार काय आहे, हेही विचारावं लागतं.

कॅथरीन पॅटरसन यांचं 'ब्रिज टू टेराबिथिया' घ्या. १९७८ चं न्यूबेरी. (सिव्हिलवाल्यांनी तर नक्की वाचावं!) जेस आणि लेस्ली हे दोघं मित्र. ओढ्यापलीकडच्या रानात त्यांनी आपलं एक काल्पनिक राज्य केलेलं असतं, आणि दोराला लटकून झोका घेत ते ओढा ओलांडतात. एक दिवस जेस नसताना लेस्ली एकटी जाते, दोर तुटतो आणि ती जाते. पॅटरसनबाईंच्या मुलाची मैत्रीण आठ वर्षांची असताना वीज पडून वारली होती. त्या दुःखातून हे पुस्तक लिहिलं गेलं. या पुस्तकावरही नव्वदच्या दशकात खूप आक्षेप घेतले गेले.

पण पुस्तक लेस्लीच्या मृत्यूवर संपत नाही. जेस आधी विश्वासच ठेवत नाही, मग चिडतो, मग रडतो. त्याला प्रत्येक गोष्टीसाठी पुरेशी पानं दिली आहेत. आणि शेवटी तो काय करतो? दोराच्या जागी फळ्यांचा पूल बांधतो आणि धाकट्या बहिणीला हाताला धरून पलीकडे नेतो. लेखिकेने मृत्यूचा भार जराही कमी केलेला नाही. फक्त तो पेलायला खाली काहीतरी दिलं आहे.

हे मी नुसतं थिअरी म्हणून सांगत नाही. माझी मामेबहीण सातवीत आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या वर्गातली एक मुलगी डेंग्यूने गेली. त्या दोघी एकाच रिक्षाने शाळेत जायच्या. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, की तिच्यासमोर तो विषय काढायचा नाही. टीव्हीवर तसलं काही लागलं तर चॅनल बदलायचा. काही महिन्यांनी मी 'टेराबिथिया' तिच्यासाठी घेऊन गेले, तेव्हा मामीने मागचं पान वाचून मला बाजूला बोलावलं. "अगं, आत्ता कुठे ती विसरायला लागली आहे. हे झेपेल का तिला?" मी म्हटलं, "मामी, ती विसरलेली नाहीये. ती फक्त बोलत नाही." मामी त्यावर काही बोलली नाही, पण पुस्तक तिने स्वतःकडे ठेवून घेतलं. दोन रात्री जागून तिने ते आधी वाचलं आणि मग स्वतःच लेकीला दिलं. दोघींचं त्यावर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. पण त्या मुलीचं नाव आता त्यांच्या घरात घेतात.

आता 'द बंकर डायरी'कडे बघू. तिथे भार पूर्ण आहे आणि आधार मुद्दामच काढून घेतला आहे. म्हणून ते वाईट पुस्तक ठरत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाने ते जरूर वाचावं, वाटलं तर रागाने भिंतीवर फेकावं, पुन्हा उचलावं. पण दहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकावर आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकावर शिक्का एकच असला, की दुकानात चौकशी न करता उचलणाऱ्याची पंचाईत होते. माझा आक्षेप बक्षिसाला नाही. शिक्क्याच्या भरवशावर न वाचता पुस्तक देण्याला आहे.

आपल्या घरातलं कठीण पुस्तक

आता आपल्याकडे येऊ. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झालं. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. शिक्क्याची गरज या पुस्तकाला कधी पडलीच नाही. पण त्यातले विषय मोजून बघा. कर्ज, सावकाराच्या माणसाने केलेला अपमान, आजारपण, लहान भावाचा मृत्यू, आणि शेवटी आईचा मृत्यू. आजच्या एखाद्या पालकाला ही यादी नाव न सांगता दाखवली तर ते म्हणतील, 'बापरे, हे मुलांना?' आणि तरी महाराष्ट्रात कितीतरी पिढ्यांनी ते लहानपणीच वाचलं, रडत रडत वाचलं.

ते झेपतं कसं? मला वाटतं उत्तर रचनेत आहे. सगळी गोष्ट बेचाळीस रात्रींत सांगितली आहे. आश्रमात रोज रात्री मित्र जमतात, श्याम थोडं सांगतो, थांबतो, उद्या पुढचं. म्हणजे भार हळूहळू! आणि सांगणारा श्याम मोठा झालेला, धडधाकट, मित्रांमध्ये बसलेला आहे. आई गेली तरी श्याम तरला, हे वाचणाऱ्या मुलाला पहिल्या रात्रीपासून दिसत असतं. त्यात पुन्हा आपल्याकडे हे पुस्तक बहुधा एकट्याने वाचलं जात नाही. कोणीतरी मोठं माणूस वाचून दाखवतं आणि त्याचा स्वतःचाच आवाज मध्येच दाटून येतो. पुस्तकातही ऐकणारी मंडळी जवळ बसलेली, आणि घरातही!

मग पुस्तक निवडायचं कसं?

एवढ्या अभ्यासातून मला तीन प्रश्न मिळाले. पुस्तक देण्याआधी ते विचारून बघा.

पहिला प्रश्न : हे पुस्तक कठीण आहे म्हणजे काय कठीण आहे? भाषा, रचना की विषय? भाषा कठीण असेल तर सोबत बसा. रचना कठीण असेल तर मुलाला थोडा वेळ द्या आणि 'कळलं का?' असं दर पानाला विचारू नका.

दुसरा प्रश्न : विषय कठीण असेल तर पुस्तकात आधार कुठे आहे? एखादं माणूस, एखादं काम, थोडा विनोद, सावरायला पुरेशी पानं, काहीही. शेवट गोडच हवा असं नाही. 'द गिव्हर'चा शेवट तर असा आहे की जोनसचं काय झालं यावर आजही वाचक भांडतात.

तिसरा प्रश्न, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा : वाचून झाल्यावर हे मूल कोणाशी बोलणार? त्याचं उत्तर 'कोणाशीच नाही' असं असेल, तर पुस्तक बदलू नका. आधी ती सोय करा.

आणि मुलाला पुस्तक अर्ध्यात सोडायची मुभा द्या. आपण नाही का लायब्ररीतून जाडजूड रेफरन्स बुक्स आणतो आणि दोन दिवसांत परत करतो! एखादं पुस्तक या वर्षी नाही झेपलं तर दोन वर्षांनी झेपेल. ते कुठे पळून जात नाही.

मित्रहो, या सुट्टीत घरी जाल तेव्हा लहान भावंडासाठी शिक्का असलेलं पुस्तक जरूर घेऊन जा. फक्त गाडीत बसल्यावर ते आधी स्वतः वाचायला घ्या. यातली बरीच पुस्तकं दोनशे पानांच्या आसपासची आहेत. एका रात्रीत आख्खी जर्नल्स लिहून काढणाऱ्या आपल्या जमातीला तेवढं नक्कीच झेपेल!